दोन बाजारांच्या आत आपली वेबसाइट: अडून न राहता पहिलं पान कसं लावायचं

लातूरच्या ट्यूशन एरियातले सर, पैठणला मागावर बसणाऱ्या ताई, नांदेडला लग्नाचे फोटो काढणारा पोरगा, परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून नोकरी शोधणारी मुलगी. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "वेबसाइट जवळजवळ तयार आहे, थोडंच राहिलंय." ते थोडं वर्षभर राहतं. कधी लोगो आवडत नाही, कधी फोटो नीट आलेला नसतो, कधी "माझ्याबद्दल" या मथळ्याखाली काय लिहावं ते सुचत नाही.

हे लोक आळशी नाहीत आणि तंत्रज्ञानही त्यांना अडवत नाही. साधं पान उभं करायला आज एक संध्याकाळ पुरते. अडतं ते क्रमात. बहुतेक जण रंग, लोगो आणि नावापासून सुरुवात करतात, म्हणजे ज्या गोष्टींना "झालं" असा शेवटच नाही त्यापासून. मजकूर लिहायचं खरं काम मागे राहतं, आणि तोवर उत्साह संपलेला असतो. दुसरी चूक त्याहून मोठी: सगळ्याच गोष्टी सारख्याच चोख हव्यात असा हट्ट. फोन नंबर चुकला तर नुकसान होतं, बटणाचा निळा रंग थोडा गडद झाला तर काहीही होत नाही. दोन्हींना सारखाच वेळ दिला की काम संपत नाही.

खाली दिलेला क्रम एका पानाच्या, स्वतःच्या नावाच्या वेबसाइटसाठी आहे. ऑनलाइन दुकान, पेमेंट, लॉगिन यातलं काही यात धरलेलं नाही. ते लागेल तेव्हा लागेल, पहिल्या पानाला त्याची गरज नसते.

तयारी: कॉम्प्युटर सुरू करण्याआधी

मुदत ठरवा

तुमच्या गावचा आठवडी बाजार ज्या वारी भरतो तो वार धरा. या बाजाराला सुरुवात, पुढच्या बाजारापर्यंत मजकूर आणि फोटो हातात, त्यानंतरच्या बाजाराच्या आदल्या रात्री पान लोकांसमोर. बाजाराचा वार धरण्याचं कारण साधं आहे. तो आपल्यासाठी पुढे सरकत नाही, आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे "काय झालं तुझ्या वेबसाइटचं?" असं विचारणारं कुणीतरी असतंच.

पाडवा, दसरा किंवा १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असा मुहूर्त अनेक जण काढतात. दिवस चांगलेच आहेत. पण मुहूर्त दोन महिने लांब असेल तर ते दोन महिने रंग बदलण्यात जातात. वाफसा आला की शेतकरी पेरणीला पुढचा चांगला दिवस शोधत बसत नाही, तसंच इथेही करा. मात्र स्वतःचा हंगाम बघा: पेरणीच्या, लग्नसराईच्या किंवा प्रवेश परीक्षांच्या ऐन धामधुमीत ही मुदत घालू नका. ती मोडणार, आणि एकदा मोडली की पुढची मुदत आपण स्वतःच खरी मानत नाही.

वाचणारा एक माणूस ठरवा

"सगळ्यांसाठी" असं लिहिलेलं पान कुणीच पूर्ण वाचत नाही. एकच माणूस डोळ्यांसमोर आणा. सरांसाठी तो दहावी झालेल्या मुलीचा बाप आहे, अहमदपूरहून लातूरला आलेला, हातात मोबाइल, कोणता क्लास लावावा या विचारात. पैठणच्या ताईंसाठी ती पुण्यातली किंवा हैदराबादची बाई आहे, जिला हातमागावरची पैठणी थेट विणणाऱ्याकडून घ्यायची आहे. नोकरी शोधणाऱ्या मुलीसाठी ती बियाणे कंपनीत अर्ज चाळणारी व्यक्ती आहे.

मग कागदावर दोनच ओळी लिहा. या माणसाचा पहिला प्रश्न कोणता? आणि पान वाचून झाल्यावर त्याने काय करावं: फोन, व्हॉट्सअॅप, की बायोडाटा उघडणं? यातलं एकच निवडा.

भाषेचा घोळही इथेच मिटतो. मराठी की इंग्रजी, यावर लोक आठवडे घालवतात. समोरचा माणूस तुमच्याशी फोनवर ज्या भाषेत बोलेल, ती पानाची भाषा. दुसरी भाषा नंतर जोडता येते. दोन्ही एकदम करायला गेलात की काम दुप्पट होतं आणि दोन्ही अर्धवट राहतात.

दोन याद्या करा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून घाई करू नका. वहीचं एक पान मधोमध दुमडा.

डाव्या बाजूला लिहा: "चुकता कामा नये". त्यात हे येतं: तुमच्या नावाचं स्पेलिंग, फोन नंबर, फी किंवा दर, वेळा, पदवी आणि वर्षं, दुसऱ्याचा फोटो असेल तर त्याची परवानगी, आणि पानावर जाता कामा नये अशी खासगी माहिती. एवढंच. यादी आठ-दहा ओळींच्या पुढे गेली तर तुम्ही उजवीकडच्या गोष्टी डावीकडे ढकलताय.

उजव्या बाजूला लिहा: "राहिलं तरी चालेल". लोगो, रंगसंगती, सुंदर फॉन्ट, व्हिडिओ, अभिप्राय, स्वतःचं डोमेन नाव (म्हणजे डॉट इन किंवा डॉट कॉमने संपणारा स्वतःचा वेब-पत्ता), सोशल मीडियाच्या लिंका, "माझा प्रवास", सरकती चित्रं.

तुमचा चोखपणा वाया घालवण्यासारखा नाही. तो सगळा डावीकडच्या यादीवर खर्च करा. तिथे तीन-तीनदा तपासा, कुणाकडून वाचून घ्या, वेळ लागला तरी हरकत नाही. उजवीकडचं काही करावंसं वाटलं तर ते पान लोकांसमोर गेल्यावर करायचं. मुदत संपेपर्यंत हा कागद कॉम्प्युटरशेजारी राहू द्या. मन पुन्हा रंगांकडे वळलं की त्याच्याकडे बघा.

तपासा: वार ठरला का? एक माणूस, एक प्रश्न, एक कृती लिहून झाली का? दोन्ही याद्या आहेत का? यातलं काही राहिलं असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा १: मजकूर, आणि तोही कागदावर

कॉम्प्युटर उघडून लिहायला बसलात तर हात मांडणीकडे जातो. म्हणून पहिला मसुदा वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये करा. लाईट नसली तरी हे काम होतं, हा आपल्याकडे लहान फायदा नाही.

पाच तुकडे पुरतात:

१. तुम्ही कोण आणि काय करता, दोन वाक्यांत.
२. कुणासाठी आणि कुठे.
३. कामाचे तीन नमुने किंवा तीन ठोस गोष्टी.
४. दर, वेळ, अटी. सांगता येतील तेवढ्या.
५. संपर्क.

लोक सर्वांत जास्त अडतात ते पहिल्या तुकड्यावर. स्वतःबद्दल लिहायचं म्हटलं की निमंत्रणपत्रिकेची भाषा येते. एक नमुना बघा.

आधी: "विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध, दर्जेदार व गुणवत्तापूर्ण शिक्षणाची परंपरा जपणारे, अनुभवी मार्गदर्शन."

नंतर: "मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. एका बॅचमध्ये वीस मुलं घेतो, त्याहून जास्त नाही. दर रविवारी सकाळी पेपर असतो आणि तपासलेला पेपर बुधवारी हातात मिळतो."

अहमदपूरच्या त्या वडिलांना पहिल्या मजकुरातून काहीच कळत नाही. तो कुठल्याही क्लासच्या बोर्डावर लावता येईल. दुसऱ्यात मुलांची संख्या आहे, वार आहे, आणि एक वचन आहे जे खरं की खोटं ते पारखता येतं. तुमच्या वाक्यातून तुमचं नाव काढून शेजाऱ्याचं घातलं आणि वाक्य तसंच चाललं, तर ते वाक्य खोडा.

ताईंच्या पानावर "अस्सल कलाकुसर" असं लिहिण्यापेक्षा पदराची नक्षी कोणती, जरीचा धागा कुठला, एका साडीला साधारण किती दिवस लागतात आणि ऑर्डर दिल्यावर किती थांबावं लागेल हे लिहा. पैठणी घेणाऱ्या बाईला आणखी एक शंका असतेच: ही हातमागाची की पॉवरलूमची? हातमागाच्या पैठणीचा पदर आणि काठ उलट्या बाजूनेही जवळजवळ तसाच स्वच्छ दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. दोन्ही बाजूंचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर तिची शंका जागच्या जागी फिटते. असा एक तुकडा दहा विशेषणांचं काम करतो.

"माझ्याकडे दाखवण्यासारखं आहेच काय?" हा प्रश्न नव्याने सुरुवात करणाऱ्यांना फार छळतो. कृषी पदवी घेतलेल्या मुलीकडे नोकरीचा अनुभव नसेल, पण तिने एक हंगाम गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम केलेलं असतं, एखादा प्रकल्प केलेला असतो, घरच्या तुरीवर मर रोग कसा आला आणि काय केलं ते तिला ठाऊक असतं. त्यावर चार ओळी लिहिता येतात. पुरस्कार मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही.

आकार किती? सगळं मिळून अडीचशे ते चारशे शब्द. वहीची दोन पानं. त्याहून जास्त झालं तर तिसरा नमुना कापा.

सावधान: आधार, पॅन, सातबारा, गुणपत्रिका यांचे फोटो पानावर टाकू नका, "विश्वास वाटावा" म्हणूनही नको. घराचा पूर्ण पत्ताही लागत नसेल तर नको, भाग आणि शहर पुरतं. क्लासच्या मुलांची नावं, गुण आणि फोटो त्यांच्या पालकांनी हो म्हटल्याशिवाय नाहीत. बायोडाटाची फाइल जोडणार असाल तर त्यातली जन्मतारीख आणि घरचा पत्ता आधी काढा.

तपासा: मजकूर मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडतो किंवा स्वतःलाच ओशाळं वाटतं, ते वाक्य बदला. हे एकदाच करायचं. दुसऱ्या दिवशी फक्त शुद्धलेखन बघा, नव्याने लिहायला बसू नका.

टप्पा २: मराठी टायपिंग

इथे एक जुनी अडचण मराठवाड्यात अजून पावलोपावली भेटते. डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतलेला मजकूर बहुतेक वेळा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. पत्रिकेला, बॅनरला तो चालतो. वेबसाइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण तो मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतो. मग लोक समजतात की वेबसाइटच बिघडली.

उपाय सोपा आहे. फोनवर जीबोर्डमध्ये, म्हणजे गुगलच्या कीबोर्ड अॅपमध्ये, मराठी कीबोर्ड घ्या आणि वहीतला मसुदा स्वतःच टाइप करा. बोलूनही टाइप करता येतं, फक्त नंतर प्रत्येक ओळ वाचा, कारण बोललेल्या मजकुरात विरामचिन्हं आणि गावांची नावं चुकतात. जुन्या फाइलमधला मोठा मजकूर असेल तर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात. पण बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि "ऱ्य", "ऱ्ह" नक्की बघा. गडबड तिथेच होते.

तपासा: मजकूर कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. तिथे मराठी नीट दिसलं म्हणजे युनिकोड आहे. एवढी एक चाचणी पुरते.

फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत लिहा. देवनागरी आकडे दिसायला छान असतात, पण नंबर कॉपी करून डायल करताना काही फोन अडतात.

टप्पा ३: फोटो

तीन पुरेत: एक तुमचा, दोन कामाचे. खास फोटोशूटची वाट बघू नका. सकाळी आठच्या आसपास अंगणात, सावलीत उभं राहा, मागे साधी भिंत असू द्या आणि कुणाला तरी फोनवर काढायला सांगा. काढण्याआधी लेन्स स्वच्छ पुसा. दुपारच्या उन्हात काढू नका, आपल्याकडच्या उन्हात डोळे बारीक होतात आणि अर्ध्या चेहऱ्यावर काळी सावली पडते.

फोनमधला मूळ फोटो बऱ्याचदा तीन-चार एमबीचा असतो. तालुक्याच्या गावात, रेंज कमी असताना, असे तीन फोटो उघडेपर्यंत माणूस निघून जातो. स्क्वूशसारखं फुकट साधन वापरून रुंदी बाराशे पिक्सेलच्या आसपास आणि वजन दोनशे केबीच्या खाली आणा. फाइलचं नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत, मधे जागा न सोडता.

गुगलवरून उचललेले फोटो नकोत. ते दुसऱ्याच्या मालकीचे असतात, आणि ग्राहकाला ते तुमचं काम नाही हे कळलं तर बाकीचं खरं कामही खोटं वाटतं.

टप्पा ४: पान उभं करणं

साधनं पुष्कळ आहेत: गुगल साइट्स, वर्डप्रेस डॉट कॉम, थोडं कोडिंग येत असेल तर गिटहब पेजेस. तुलना करण्यात एक दिवससुद्धा घालवू नका. पहिल्या एका पानासाठी मी गुगल साइट्स सुचवतो: फुकट आहे, जाहिराती नाहीत, कोड लागत नाही, आणि तिथला मजकूर नंतर दुसरीकडे नेणं म्हणजे पानभर मजकूर कॉपी करणं एवढंच.

कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप घेऊन बसा. घरी नसेल तर मित्राचा दोन-तीन तास घ्या.

१. स्वतःच्या जीमेल खात्याने लॉगिन करा. शाळेचं, कॉलेजचं किंवा ऑफिसचं खातं वापरू नका. संस्था सुटली की खातं जातं, आणि त्याबरोबर पानही.
२. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) लावा आणि रिकव्हरी नंबर चालू आहे का ते बघा. आता तुमची वेबसाइट याच खात्यावर उभी राहणार आहे.
३. गुगल साइट्समध्ये कोरी साइट उघडा. टेम्प्लेट घेऊ नका. त्यातले रिकामे चौकोन भरण्यासाठी तुम्ही नको तो मजकूर लिहीत बसाल.
४. वरच्या हेडरला फक्त शीर्षकाचा प्रकार निवडा आणि तुमचं नाव लिहा. खाली एका ओळीत काम आणि गाव.
५. टेक्स्ट बॉक्स घेऊन पाच तुकडे क्रमाने चिकटवा. चिकटवताना साधा मजकूर म्हणून चिकटवा, नाहीतर वेगवेगळ्या आकाराची अक्षरं येतात.
६. फोटो घाला. प्रत्येकाला पर्यायी मजकूर (ऑल्ट टेक्स्ट) द्या, म्हणजे स्क्रीन रीडर, अर्थात पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला फोटोत काय आहे ते कळतं.
७. संपर्काचं बटण घाला. व्हॉट्सअॅपसाठी लिंक अशी असते: डब्ल्यूए डॉट मी, मग तिरकी रेघ, मग ९१ आणि लगेच तुमचा दहा आकडी नंबर. आधी अधिक चिन्ह नाही, शून्य नाही, मधे जागा नाही. प्रत्यक्ष लिंकमध्ये सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत. बटणाखाली नंबर मजकुरातही लिहा.
८. आता, सगळ्यांत शेवटी, थीम. घड्याळ लावा आणि पंधरा मिनिटं द्या. पांढरी पार्श्वभूमी, काळा मजकूर, एक रंग. वेळ संपली की जो रंग असेल तो राहू द्या.

सावधान: मराठी मजकूर मधोमध किंवा दोन्ही कडांना ताणून लावू नका, डावीकडून सुरू करा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा थोडं जास्त हवं, वेलांट्या आणि उकार एकमेकांना चिकटतात.

मित्राचा लॅपटॉप किंवा सायबर कॅफे असेल तर उठण्याआधी खात्यातून बाहेर पडा.

टप्पा ५: फोनवर बघणं

तुमचं पान बहुतेक लोक फोनवरच उघडणार. प्रिव्ह्यूमध्ये फोनचं चित्र निवडा आणि वरून खाली बघा. पहिल्या पडद्यावर, बोट न लावता, नाव आणि काम दिसलं पाहिजे. मोठा बॅनर फोटो लावलेला असेल तर तो हे दोन्ही खाली ढकलतो. काढून टाका.

आता डावी यादी हातात घ्या आणि एकेका ओळीवर टिक करा. नंबर पाठ आहे म्हणून नजरेने बघू नका, पानावरून वाचून दुसऱ्या फोनवरून लावा. पाठ असलेल्या नंबरातली चूक डोळ्यांना दिसत नाही.

टप्पा ६: दोन माणसांना दाखवणं

दोनच. सात जणांच्या घरच्या ग्रुपवर टाकू नका. सात मतं येतात, त्यातली चार एकमेकांच्या उलट असतात, आणि पान पुन्हा कपाटात जातं.

एक जण तुमच्या ठरवलेल्या वाचकासारखा हवा. सरांनी एखाद्या पालकाला दाखवावं, ताईंनी साडी घेणाऱ्या ओळखीच्या बाईला. दुसरा शुद्धलेखन पक्कं असलेला.

दाखवण्याआधी पान प्रकाशित करावं लागत नाही. प्रिव्ह्यू उघडून फोन किंवा लॅपटॉप हातात द्या. मग गप्प राहा, समजावून सांगू नका. "कसं वाटलं?" असं विचारलं की समोरचा एकतर "छान आहे" म्हणतो, नाहीतर रंगाबद्दल बोलतो. त्याऐवजी हे विचारा:

हे काय काम करतात?
यांचा दर किंवा वेळ काय आहे?
संपर्क करायचा तर तू आत्ता काय दाबशील?

तिन्ही उत्तरं बरोबर आली तर पान तयार आहे. एखादं चुकलं तर फक्त तो तुकडा दुरुस्त करा. बाकी ज्या सूचना येतील त्या वहीत लिहून घ्या, आभार माना आणि दोन याद्यांत वाटा. डाव्या यादीतली असेल तर आजच दुरुस्ती, उजवीकडची असेल तर नंतर. "अजून एक पेज टाक ना" ही सूचना हमखास येते. ती उजवीकडे.

टप्पा ७: प्रकाशित करणं

पब्लिश दाबल्यावर पत्ता विचारला जातो. शेवटचा भाग तुम्ही ठरवता: इंग्रजी छोटी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ चालते. नाव आणि आडनाव घ्या. ते आधीच कुणी घेतलेलं असेल तर गाव किंवा काम जोडा. जन्मवर्ष किंवा कुठलेही आकडे जोडू नका, ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

तपासा: पत्ता ठरवण्याआधी बाहेरगावच्या कुणाला तरी फोनवर तोंडी सांगून टाइप करायला लावा. रेंज तुटक असताना तो बरोबर टाइप झाला तर पत्ता चांगला. आडनावाची इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी होत असेल, तर बँकेच्या पासबुकावर आहे तीच घ्या.

त्याच खिडकीत पान कोण बघू शकतं ते दिसतं. ते "पब्लिक" आहे याची खात्री करा. तुम्हाला पान उघडतं आणि बाकीच्यांना "परवानगी नाही" असं येतं, यामागे बहुधा हेच कारण असतं. तिथेच सर्च इंजिनना पान दाखवू नका असं सांगणारी एक चौकट असते. तिच्यावर टिक नको.

दाबल्यावर दुसऱ्या फोनवर, तुमचं खातं लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये, पत्ता उघडून बघा. बटण दाबून स्वतःला मेसेज येतो का तेही बघा.

या क्षणी छातीत धडधडतं. गावातले लोक काय म्हणतील, "लई मोठा झाला का" असं कुणी म्हणेल का, जुने सर वाचतील का. ही भीती खरी आहे आणि ती लहान गावात जास्त असते, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. पण नवं पान आपोआप कुणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही. गुगलच्या शोधात यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि तोवर तुम्ही लिंक पाठवाल तेवढेच लोक ते बघतात. म्हणून पहिल्या दिवशी स्टेटसवर टाकायची सक्ती स्वतःवर करू नका. ज्याला खरंच उपयोग आहे अशा एका माणसाला पाठवा. पुढच्या वेळी कुणी "फी किती?", "काम दाखवा" असं विचारलं की उत्तराबरोबर लिंक द्या.

टप्पा ८: पहिले दोन आठवडे

या काळात फक्त चुका दुरुस्त करायच्या, नवं काही जोडायचं नाही. गुगल साइट्समध्ये केलेला बदल आधी फक्त तुम्हाला दिसतो, पुन्हा पब्लिश दाबल्यावरच लोकांना दिसतो. "मी फी बदलली पण लोक जुनीच सांगतात" अशी तक्रार असेल तर पब्लिश दाबायचं राहिलंय.

वहीत दुसरी एक नोंद ठेवा: लोक फोनवर काय विचारतात. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला तर त्याचं उत्तर पानावर यायला हवं. पान असं वाढू द्या. घरी बसून "लोकांना हे लागेल" असं आपण जे ठरवतो, त्यातलं बरंच कुणी विचारतही नाही.

स्वतःचं डोमेन नाव घ्यायचं असेल तर ते आता घ्या, हे दोन आठवडे झाल्यावर. डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतात. मराठीत डॉट भारतही मिळतं. मला ते मनापासून आवडतं, पण अजून काही अॅप आणि फॉर्म असा पत्ता नीट ओळखत नाहीत, म्हणून एकच घेणार असाल तर इंग्रजी अक्षरांतलं घ्या. तीन गोष्टी बघा. पहिल्या वर्षाची किंमत स्वस्त असते, नूतनीकरणाची किती ते आधी वाचा. डोमेन आणि ईमेल तुमच्या स्वतःच्या नावावर हवं. "मी करून देतो" म्हणणाऱ्या ओळखीच्याने ते त्याच्या नावावर घेतलं, तर उद्या तो परगावी गेला की तुमचं नाव त्याच्या हातात अडकतं. आणि खरेदीनंतर ईमेल पडताळणीचा मेल येतो, त्यातली लिंक वेळेत दाबा, नाहीतर डोमेन बंद पडू शकतं. नवं डोमेन जोडल्यावर सगळीकडे दिसायला कधी कधी एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात सेटिंग पुन्हा पुन्हा बदलू नका, त्याने घोळ वाढतो.

उजव्या यादीचा कागद अजून असेलच. त्यातली एक गोष्ट निवडा आणि तिलाही एका बाजाराची मुदत द्या. लोगो घ्यायचा की तिसऱ्या साडीचा उलट्या बाजूचा फोटो, असा प्रश्न पडला तर फोटो घ्या.

वर्षातून दोनदा, शाळा सुरू होताना आणि दिवाळीनंतर, डावी यादी घेऊन पुन्हा पान वाचा: नंबर तोच आहे का, फी तीच आहे का, बॅचच्या वेळा बदलल्या का.